हवालदारांचे पत्र



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठे अभ्यासक बोलून गेले आहेत. मी अभ्यासक नाही. बी.एच.एम.एस. झालेला, बेळगावात वर्षानुवर्षे साखरेच्या पांढऱ्या गोळ्या देत आलेला डॉक्टर आहे. साहित्याशी माझा संबंध वाचकाचा. तेव्हा एखाद्या ग्रंथावर बोलण्यापेक्षा मी एका पत्रावर बोलणार आहे. ते छापलेले नाही आणि ज्यांनी लिहिले त्यांना साहित्य हा शब्दही आपल्यासाठी आहे असे कधी वाटले नसेल.

आपल्या बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे. त्यामुळे खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या भागांतली असंख्य घरे पलटणीशी जोडलेली आहेत. माझ्या दवाखान्यात असे निवृत्त जवान नेहमी येतात. त्यांतले एक हवालदार. आम्ही सगळे त्यांना हवालदारकाका म्हणत असू. आता ते नाहीत. त्यांच्या मुलाच्या परवानगीने मी बोलत आहे. पण त्यांचे नाव, गाव आणि ज्यांच्याविषयी पत्र आहे त्या कंपनी कमांडरांचे नाव सांगणार नाही. पत्र समजायला त्यांची गरजही पडत नाही.

त्यांचे कमांडर वारल्याची बातमी काकांना एका जुन्या सोबत्याकडून कळली. कमांडर उत्तरेकडचे, हिंदी बोलणाऱ्या घरातले. काकांनी त्यांच्या पत्नीला पत्र लिहिले. नातवाच्या वहीतली सहा पाने, दोन्ही बाजूंनी, निळ्या बॉलपेनने. वर “ती. बाईसाहेब यांस सा. न. वि. वि.” पत्र मराठीत. हिंदी त्यांना बोलता येई, पण लिहायची झाली की हात अडे. म्हणून ती पाने घेऊन ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “डॉक्टर, हे हिंदीत करून द्या. तुम्ही पेशंटचं ऐकून घेता, तसंच्या तसं उतरवा.” दवाखान्याच्या वेळेनंतर पाच-सहा संध्याकाळी आम्ही दोघे त्या कामाला बसलो.

आधी थोडा इतिहास सांगतो, म्हणजे पत्र कुठले हे कळेल.

काका १९७१ च्या युद्धात पहिल्या मराठा बटालियनमध्ये होते. हिलाच ‘जंगी पलटण’ म्हणतात. १७६८ मध्ये उभी राहिलेली ही पलटण रेजिमेंटमधली सर्वांत जुनी. डिसेंबर १९७१ मध्ये ती ९५ माउंटन ब्रिगेडमध्ये होती आणि तिचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्याकडे होते. मेघालयाच्या बाजूने खाली उतरून ढाक्याच्या दिशेने जायचे, तर वाटेत ब्रह्मपुत्रेच्या काठी जमालपूर लागते. तिथे पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण होती, कमांडर लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद. आपल्या फौजेने नदी ओलांडली, वळसा घेतला आणि जमालपूरच्या दक्षिणेला, ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवून मोर्चे धरले.

९ डिसेंबरला ब्रिगेड कमांडर क्लेर यांनी सुलतान अहमद यांना पत्र पाठवले. तुम्ही सगळीकडून वेढले गेला आहात, शरण या, असा मजकूर. पत्र घेऊन एक बंगाली गृहस्थ गेले. संध्याकाळपर्यंत उत्तर आले. उत्तराच्या कागदात बंदुकीची एक गोळी गुंडाळलेली होती. मजकूर असा, की लढाईला अजून सुरुवातही झालेली नाही, बोलणे पुरे, आता लढू या. लेखणीवर आपले प्रभुत्व दिसतेच, पुढच्या भेटीत हातात स्टेनगन दिसावी. १० डिसेंबरच्या रात्री ३१ बलुचने वेढा फोडून बाहेर पडण्याचा प्रयत्न केला आणि ती थेट मराठ्यांच्या मोर्चांवर आली. पहाटेपर्यंत लढाई चालली. सुलतान अहमद काही लोकांसह ढाक्याकडे निसटले. त्यांचे फार मोठे नुकसान झाले. ११ तारखेला जमालपूर पडले. १६ डिसेंबरला ढाका.

ही दोन पत्रे, एक शरण या म्हणणारे आणि एक गोळी गुंडाळलेले, त्या युद्धावरच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येतात. दोन्ही अधिकाऱ्यांनी अधिकाऱ्यांना लिहिलेली, दोन्ही इंग्रजीत, दोन्ही बाणेदार. ती वाचावीत अशीच आहेत. पण त्या रात्री खंदकात जे बसले होते त्यांच्यातल्या एकाने त्या रात्रीविषयी लिहिलेले, आपल्या भाषेतले पत्र माझ्या समोर होते. आणि त्यात ही दोन्ही पत्रे नव्हती! काकांना मी गोळीच्या पत्राविषयी विचारले. ते म्हणाले, ते नंतर कळलं, रिटायर झाल्यावर.

मग त्यांच्या पत्रात काय आहे?

पहिली दोन पाने पायांविषयी आहेत. नद्या, नाले, भाताची ओली शेते यांतून चालून जवानांचे बूट सुकत नव्हते. साहेब रोज संध्याकाळी जवानांना बूट-मोजे काढायला लावीत आणि बॅटरीच्या उजेडात, गुडघ्यावर बसून, एकेकाचे पाय बघत. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असतील तर पावडर लावायला लावीत, कोरडे मोजे नसतील तर कुठून तरी मिळवून देत. काका लिहितात की आमच्या गावात मोठ्या माणसाच्या पायाला हात लावायची रीत; मोठ्या माणसाने आमच्या पायाला हात लावलेला मी तोवर पाहिला नव्हता.

पुढचे पान नावांविषयी. पलटणीत जाधव, पाटील, शिंदे इतके, की हाक मारताना नंबराचे शेवटचे आकडे जोडून हाक मारतात. साहेब नंबरही लक्षात ठेवीत आणि गावही. रात्री मोर्चावरून फिरताना ते गावाच्या नावाने हाक मारीत. मराठी त्यांनी पलटणीत येऊन शिकलेली, तिचा हेल वेगळा. पण गावाचे नाव बरोबर उच्चारीत. काका लिहितात, अंधारात आपल्या गावाचे नाव ऐकले की वाटे, आपण हरवलेलो नाही.

लढाईच्या रात्रीला अर्धे पान. आवाज फार झाला, साहेब दोनदा येऊन गेले, आम्ही जागा सोडली नाही. इतकेच.

आणि मग सकाळ. तिला दीड पान. समोरच्या शेतात आणि रस्त्यावर पडलेली माणसे. साहेबांनी आधी जखमींना पाणी द्यायला सांगितले, त्यांच्या आणि आपल्या, दोन्हींच्या. मग सांगितले की हत्यारे गोळा करा, खिशाला हात लावायचा नाही. एका मेलेल्या शिपायाच्या खिशातून घरून आलेले पत्र अर्धे बाहेर आले होते. काकांनी ते उचलले. साहेबांनी पाहिले, काही न बोलता हात पुढे केला, पत्र घेतले, पुन्हा त्याच खिशात ठेवले आणि वरचे बटण लावले. काकांनी पुढे लिहिले आहे की मला तेव्हा कोणाला मारले त्याचे काही वाटले नव्हते. ते बटण लावलेले पाहिले तेव्हा वाटले.

मित्रहो, हे वाक्य मी त्यांच्या देखत हिंदीत उतरवले. त्यांना काही विचारले नाही.

आता अशा पत्राचे करायचे काय? लढाईचा नकाशा त्यावरून काढता येणार नाही. त्यांच्या आठवणीत त्या एका रात्रीच्या चार रात्री झाल्या आहेत. नदीचे नाव एकदा ब्रह्मपुत्रा आहे, एकदा मेघना. पलटणीच्या इतिहासात किती शत्रू पडले, किती पकडले, किती हत्यारे मिळाली यांचे आकडे असतात आणि ते असलेच पाहिजेत. काकांच्या सहा पानांत मेलेल्यांचा एकही आकडा नाही. जे पत्र देते ते मात्र दुसऱ्या कोणत्याही कागदात नाही. हुकूम वरून खाली जातो, त्याची नोंद राहते. माणसे त्या हुकमावर जागा का सोडत नाहीत, याची नोंद खालून वर यावी लागते. काकांच्या कंपनीने त्या रात्री जागा सोडली नाही, याचे कारण मला पायांच्या त्या दोन पानांत दिसते. कमांडरने आदल्या संध्याकाळी ज्याचे पाय पाहिले, तो माणूस रात्री पळत नाही. हे युद्धशास्त्र नव्हे, हे मी डॉक्टर म्हणून सांगतो आहे. आपल्याकडे कोणी नीट पाहिले आहे ही जाणीव माणसाला किती बळ देते, ते मी रोज बघतो.

कोणी मला विचारील, आणि विचारलेही आहे, की तुम्ही जैन, तुम्हाला लढाईच्या कागदांशी काय कर्तव्य? आमच्या आचारग्रंथांत गृहस्थाच्या बाबतीत हिंसेचे भेद केले आहेत. जाणूनबुजून, ठरवून केलेली ती संकल्पी. स्वतःच्या आणि आश्रितांच्या रक्षणासाठी नाइलाजाने घडते ती विरोधी. पहिली गृहस्थाने टाकायची, दुसरी त्याला सर्वस्वी टाकता येत नाही. पण तिचा अभिमान धरायचा नाही. श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची मूर्ती कोणी करविली? चामुंडरायाने, आणि तो गंग राजांचा सेनापती होता. सर्वस्व टाकून निःशस्त्र उभ्या राहिलेल्या बाहुबलीची मूर्ती एका सेनापतीने उभारली. तिच्या पायथ्याशी चामुंडरायाने ही करविली असे सांगणारी ओळ मराठीतही कोरलेली आहे आणि मराठीच्या अगदी जुन्या शिलालेखांत तिची गणना होते. कन्नड मुलुखात, एका सेनापतीविषयी, मराठीतली ती ओळ. तीत त्याने जिंकलेल्या लढाया नाहीत. काकांच्या पत्रात आकडे नाहीत हे पाहिले तेव्हा मला तिची आठवण झाली.

आता भाषांतराविषयी, कारण त्यातच माझी खरी परीक्षा झाली.

आमच्या शास्त्राचे प्रवर्तक हानेमान यांच्या ‘ऑर्गेनन’ या ग्रंथात रोग्याची हकीगत कशी घ्यावी यासाठी पुष्कळ सूत्रे आहेत. ८४ व्या सूत्राचा सारांश असा, की रोग्याला बोलू द्यावे, मध्ये तोडू नये आणि तो जे शब्द वापरतो तेच शब्द लिहून घ्यावेत. रोगी म्हणतो “पोटात कालवतं.” आपण तिथे “मळमळ” लिहिले तर काम सोपे होते, पण कालवणे गेले. आम्हा होमिओपॅथीवाल्यांना ही सवय कॉलेजपासून लावली जाते. काका मला “तसंच्या तसं” म्हणाले होते, ते बहुधा ही सवय ओळखूनच.

पण तसेच्या तसे दुसऱ्या भाषेत नेता येत नाही. “चिखल्या” याला हिंदीत काय म्हणावे? मी अर्थ समजावून सांगणारे एक वाक्य लिहिले आणि मूळ शब्द तसाच ठेवला. पुढे एका ठिकाणी काकांनी लिहिले होते, “साहेबांनी आमचं केलं.” तुम्हाआम्हाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. आजारी सासूचे सून करते, लहान भावंडांचे थोरली बहीण करते. काय करते? सगळेच करते. हिंदीत मी “देखभाल की” लिहिले, खोडले, “सेवा की” लिहिले, तेही खोडले. कमांडर जवानांची सेवा करतो म्हटले तर अर्थ दुसरीकडे जातो. शेवटी “माँ की तरह सँभाला” असे लिहिले. त्यातही थोडे राहून गेलेच.

सर्वांत कठीण होती शेवटची ओळ. पाच पाने भरून साहेब “ते” आहेत. साहेब आले, साहेब म्हणाले, साहेबांनी सांगितले. पत्र बाईसाहेबांना आहे, त्यांना “आपण”. शेवटच्या परिच्छेदात मात्र काका बाईसाहेबांना सोडून एकदम साहेबांशी बोलायला लागतात आणि लिहितात, “साहेब, तू होतास म्हणून आम्ही घरला आलो.”

तू! हवालदाराने मेजरला तू! मी त्यांना ती ओळ बोट ठेवून दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. आपण असे लिहिले हे त्यांच्या ध्यानात नव्हते. मी विचारले, बदलू का? ते म्हणाले, “लिवलंय नव्हं? ऱ्हाऊ दे.”

आपण आईला तू म्हणतो, विठोबाला तू म्हणतो. आदर संपला की माणूस तू वर येतो आणि आदर पार पलीकडे गेला की पुन्हा तू वर येतो. हिंदीतही देवाला आणि आईला तू म्हणतात हे मला माहीत होते. पण आपल्या गेलेल्या नवऱ्याला एका अनोळखी जवानाने तू म्हटलेले त्या माउलीला कसे वाटेल, ही धास्ती होती. मी हिंदीत “तू” च ठेवले आणि खाली काही टीप लिहिली नाही. समजले तर टीपेशिवाय समजेल, असा विचार केला. मूळ मराठी सहा पानेही सोबत पाठवली. काकांसाठी झेरॉक्स काढून ठेवली, तीच आज माझ्याजवळ आहे.

महिन्याभराने उत्तर आले. हिंदीत, छोटे. बाईंनी लिहिले होते की देवनागरी असल्यामुळे आधी मूळ मराठी पत्रच मोठ्याने वाचले. निम्मे कळले, मग हिंदी वाचले. आमचे हे घरातून निघताना आयुष्यभर “चला” म्हणत. हा शब्द त्यांनी कुठून आणला ते आज कळले. शेवटच्या ओळीविषयी त्यांनी काही लिहिले नव्हते. फक्त काकांना पहिल्यांदा “भाईसाहब” म्हटले होते आणि उत्तराच्या अखेरीला नुसते “भैया”.

मित्रहो, हे पत्र वाचले कारण कोणीतरी ते लिहिले, कोणीतरी उतरवले, कोणीतरी जपले. बहुतेक पत्रांचे असे होत नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रे सरकारी तपासणीतून जात. तपासनीस त्यांतले उतारे इंग्रजीत करून अहवालाला जोडीत आणि पत्र पुढे पाठवीत. ते इंग्रजी उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि अभ्यासक त्यांवर ग्रंथ लिहितात. मूळ पत्रे घरोघरी पोचली आणि बहुतेक तिथेच संपली. म्हणजे सरकारकडे तर्जुमा उरला आणि आपल्याकडे मूळ होते ते गेले. त्या पणजोबांपैकी कोणी आपल्या कमांडरला “तू” लिहिले असेल, तर त्या इंग्रजीत ते आता कधीच सापडणार नाही.

उलट उदाहरणही आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला, तो वाईला मिळालेल्या जुन्या पत्रांवर. त्या कागदांमुळे पानिपताच्या मोहिमेविषयी आपल्याला तिथे असलेल्या माणसांच्या शब्दांत वाचता येते. ते कागदही आधी कोणाच्या तरी घरात, कोणाला नकोसे होऊन पडलेले होते.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या घरांत हा धोका दुप्पट आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या कित्येक घरांत फौजेतल्या पूर्वजांचे मोडी कागद आहेत. मोडी वाचणारे उरले नाहीत म्हणून ते मुके झाले. आता बॉलपेनने लिहिलेली देवनागरी पत्रेही त्याच वाटेने चालली आहेत. काकांचा नातू हुशार आहे, परदेशी जायच्या तयारीत आहे. आजोबांचे अक्षर त्याला लागत नाही. छापील मराठी तो अडखळत वाचतो, हाताचे मराठी नाही. यात त्याचा दोष मी काढत नाही. पण आजोबा ज्याच्या वहीच्या पानांवर लिहीत होते, त्यालाच ते वाचता येऊ नये, याने मला अस्वस्थ व्हायला होते.

म्हणून, हे वाचणाऱ्या तुम्हाला काही सांगायचे आहे आणि ते अगदी साधे आहे.

घरात पलटणीतल्या कोणाची ट्रंक असेल तर ती रद्दीवाल्याला बोलावण्याआधी उघडा. पत्र मिळाले तर ते लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. चिकटपट्टीने कागद पिवळा पडून शाई जाते. घडी हलकेच उलगडून फोटो घ्या, दोन्ही बाजूंचे, पाकिटाचेही, कारण पाकिटावरच्या शिक्क्यावर तारीख आणि ठिकाण असते. कागद उन्हापासून आणि ओलीपासून दूर, सपाट ठेवा. मग वहीत उतरवून काढा, शुद्धलेखन न सुधारता. “लिवलंय” असेल तर “लिवलंय”. कोणी, कोणाला, कधी लिहिले ते घरात ज्याला माहीत असेल त्याला विचारून वर नोंदवा, आणि हे आज करा. कारण ज्यांना माहीत आहे ती माणसे माझ्या दवाखान्यात येतात आणि त्यांची वये मला ठाऊक आहेत. उतरवताना शेजारी मुलाला किंवा नातवाला बसवा. एक पान त्याला वाचायला लावा. पहिल्या पानाला तो अडेल, तिसऱ्या पानापर्यंत त्याला अक्षर लागेल.

आणि जे अजून हयात आहेत, त्यांना लिहायला सांगा. लढाई कशी झाली असे विचारू नका. त्यावर ते अर्धे पान लिहितील. तुमचे साहेब कसे होते, असे विचारा. कोण कसे चालायचे, कोण काय म्हणून हाक मारायचे, जेवण कोणाआधी जेवायचे, हे विचारा. मग मध्ये बोलू नका. त्यांना त्यांच्या शब्दांत सांगू द्या आणि तेच शब्द लिहून घ्या.

अशी पत्रे कोणाकडे निघाली, तर मला कळवा. वाचायला, उतरवायला मी येईन. संध्याकाळी सात नंतर दवाखाना बंद असतो.